डंपर आणि कुल्फीची दोस्ती मी कशी जमवली

२५ मे, रविवार

सगळ्यात आधी विमलताईच टपकली. रवीची गाडी अजून वळणावर धूळ उडवून राह्यली होती अन् ही आमच्या ओट्यावर हजर. शेजारीण आहे, पण पाहुणे माझे आले की पदर आधी तिचा खोचला जाते. मले म्हणते, काय वं सत्यशीलाबाई, नागपूरचे पाहुणे आले वाट्टे? जसं तिले माहीतच नाही. काल तीन वेळा विचारून गेलती.

गाडीतून रवी उतरला, मग सूनबाई रुपाली, मग माझी नात खुशी. जयभीम झाला, पाया पडणं झालं. खुशीच्या हातात प्लॅस्टिकची टोपली, वरून ओढणी बांधलेली, अन् आतून कोणी भांडे घासून राह्यलं असा आवाज. ती कुल्फी. पांढरी मांजर, कपाळावर पिवळा डाग. ओढणी सोडल्याबरोबर तिनं घर असं पाह्यलं जसं भाड्यानं घ्यायचं आहे अन् पसंत नाही.

डंपर म्हणजे आमचा कुत्रा. इथं राजूरले कोळशाच्या गाडीखाली सापडला, तेव्हापासून डंपर. रंगानंबी कोळसाच. साऱ्या गल्लीत त्याचा दरारा आहे. कुल्फीले पाहून तो खाटेखाली गेला. विमलताई तोंडाले पदर लावून हासली. तिले काय समजते? पाहुण्याले आधी जागा करून द्यावं, ही रीत आहे. मी शिकवली नाही, तरी शिकला.

आता मुद्द्याचं लिहितो. रुपाली नर्स आहे, कधी दिवसाची ड्युटी कधी रात्रीची. रवी गाड्यायच्या कामानं अर्धा महिना बाहेर. खुशी आता आठवीत जाणार, पोट्टी फ्लॅटमधी एकटी राहते. म्हणून दोन रस्ते. एक, खुशी माझ्याजवळ राहीन अन् वणीच्या शाळेत जाईन. दोन, चंद्रपूर रस्त्यावरची हॉस्टेलची शाळा. तिची परीक्षा देऊन ठेवली आहे, नाव लागलं तर लागलं. पण खुशी म्हणते, कुल्फीले कोणाच्या भरवशावर टाकून मी जात नाही. हॉस्टेलात मांजर घेत नाहीत. मग राह्यलं कोण? मीच राह्यली. हे समजाले काही शाळा शिकाव लागत नाही.

फक्त रुपालीची अट आहे. म्हणे, आई, तुमच्याकडे कुत्रा आहे, त्यानं कुल्फीला काही केलं तर पोरगी हाय खाईल. चार आठवडे कुल्फीला ठेवून बघा, दोघांचं जमलं तर पुढचं ठरवू. मी म्हणलं, चार आठवडे कायले? चार दिवस लय झाले. शाळा २३ जूनले उघडते. ते २२ ले येतील.

खुशी जाताना रडली. मांजरीसाठी. माझ्यासाठीबी थोडी रडली असंन, पण ते दिसाले सारखंच असते.

मले काही एकटं वाटत नाही. खुशीचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाले, तेव्हापासून मीच घरची मालकीण. हे सगळं पोट्टीसाठी.


२६ मे, सोमवार

कुल्फी कपाटावर. डंपर खाटेखाली. दोघायनं आपली आपली जागा वाटून घेतली. पहिल्याच दिवशी एवढी शिस्त!

संध्याकाळी खुशीचा फोन. म्हणे, आजी, कुल्फी काय करून राह्यली? मी म्हणलं, डंपरकडं पाहून राह्यली. हे खरं होतं. कपाटावरून पाहतच होती, डोळे बारीक करून.


२७ मे, मंगळवार

आजचा ठराव: गुरुवारपर्यंत दोघं एका ताटात जेवतील.

मी काही अडाणी नाही. दुसरीपर्यंत शाळा, मग लग्नानंतर साक्षरता वर्गात कंदिलाच्या उजेडात दोन वर्षं. मास्तर म्हणत, सत्यशीलाबाई, तुमचं अक्षर मोठं आहे, एका पानावर चारच ओळी बसतात. ही डायरीबी मी मागून आणली नाही. विमलताईचे विठ्ठलराव कृषी केंद्रातून दोन घेऊन आलते, एक मले देल्ली. तिनं तिच्यात धोब्याचे कपडे लिहून ठेवले. ज्याची त्याची बुद्धी.


२९ मे, गुरुवार

एका ताटात दूधभाकर कुस्करली. ताट मधात ठेवलं. डंपरले एका हातानं ओढलं, कुल्फीले दुसऱ्या हातानं उतरवलं. म्हणलं, जेवा लेकरंहो.

कुल्फीनं त्याच्या नाकावर एक दिली. मोठी नाही, लहानच. पण डंपर असा वरडला की गल्लीतल्या पाच घरच्या बाया धावल्या. त्यायले वाटलं मीच पडली. विमलताई म्हणते, बाई, नाव ठेवलं डंपर अन् हा तर रिव्हर्स गेरमधीच चालते! साऱ्या हासल्या. मी हासली नाही.

दूधभाकर कुल्फीनं खाल्ली. सगळी. ताट एकच होतं, हे तर मान्य कराच लागते.

संध्याकाळी फोन. मी सांगतलं, एका ताटात वाढलं. खुशी खूश. काय खोटं होतं त्याच्यात?


३० मे, शुक्रवार

डंपर सकाळपासून घरी नाही. गेला असंन राउंडले. पहारा देणाऱ्यानं एका जागी बसून चालत नाही.

विठ्ठलरावनं येऊन सांगतलं, तुमचा कुत्रा काट्याजवळच्या चहा टपरीत बाकड्याखाली लपून बसला आहे. कोळशाच्या गाड्या जिथं वजन करतात तो काटा. लपून नाही बसला, मी म्हणलं, बसला आहे. माणसायले सवय असते, साध्या गोष्टीत मसाला टाकाची.


१ जून, रविवार

नवी युक्ती. माझ्या माहेरी नवीन गाय आणली की जुन्या गाईच्या अंगावर फडकं फिरवत अन् तेच नवीवर. वास एक झाला की भांडण नाही. म्हणून डंपरचं पोतं घेऊन कुल्फीले पुसली.

तिनं नंतर तीन तास स्वतःले चाटून काढलं. मंग माझ्या उशीवर जाऊन बसली. आता उशीले डंपरचा वास येते.

माझ्या हातावर चार ओरखडे. विमलताईले सांगतलं बाभूळ लागली. ती म्हणते, घरात बाभूळ कुठून आली वं? सगळ्या गोष्टी तिले पाह्यजे.


३ जून, मंगळवार

आज अक्कल सुचली. आंघोळ करता करता सुचली, डोक्यावर तांब्या तसाच राह्यला.

आपण वंदना घेतो, पंचशील घेतो, शेवटी साऱ्या प्राण्यायचं भलं हो म्हणतो. साऱ्या प्राण्यायचं! अन् घरातल्या दोन प्राण्यायले कोणी काही शिकवलंच नाही. मंग त्यायची चूक काय?

आजपासून रोज जेवणाच्या आधी त्यायले शील. पहिलं, जीवहत्या न करण्याचं, ते डंपरसाठी. दुसरं, न देल्लेलं न घेण्याचं, ते कुल्फीसाठी. तिसऱ्याची गरज नाही, कुल्फीचं ऑपरेशन झालेलं आहे अन् डंपरचं वय झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. जनावरं बोलतच नाहीत, म्हणून सोडून देल्लं. पाचवं दारूचं, ते चौकातल्या लोकायसाठी ठेवलं.

पहिला वर्ग झाला. डंपर खाटेखालून ऐकत होता. कुल्फी कपाटावरून. दोघंबी एकदम चूप. वर्गात एवढी चूप मी मास्तरच्या टायमाले पाह्यली नाही.


४ जून, बुधवार

दुसरा वर्ग. कुल्फी मधातच झोपली. झोपेत ऐकलेलं जास्त मुरते.

दुपारी तिनं शिंक्यावरचं दही खाल्लं. दुसरं शील अजून शिकवून व्हायचं आहे, म्हणून माफ.


५ जून, गुरुवार

खुशीनं फोटो मांगतला. म्हणे, आजी, दोघायचा एकत्र फोटो पाठव ना, मैत्रिणीयले दाखवतो.

माझा फोन बटणाचा. म्हणून ममताले बोलावलं. ममता म्हणजे विमलताईची सून, सासूच्या मानानं लय गुणाची. डंपरले खाटेच्या पायाले बांधलं. त्याच्या पुढं भाकरीचा तुकडा. कुल्फीले मी मानेजवळ धरून त्याच्या बाजूले बसवली अन् म्हणलं, काढ लवकर. ममता म्हणते, आजी, ते दोघं दोन्हीकडं तोंड करून आहेत. मी म्हणलं, लग्नातले नवरानवरी तरी कुठं एकमेकाकडं पाहतात?

संध्याकाळी रुपालीचा फोन. फोटो छान आला म्हणे. मंग म्हणे, आई, त्यात तो हात कोणाचा आहे? मी म्हणलं, माझाच, लाड करून राह्यली होती. म्हणे, मूठ आवळलेली दिसते. मी म्हणलं, लाड जास्त आला होता.


८ जून, रविवार

आज रुपालीचा फोन सकाळीच. खुशीचं हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं. दुसऱ्या यादीत, पण लागलं. जायचं असलं तर २२ जूनले संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हाव लागते.

मी म्हणलं, वा! पोट्टी हुशारच आहे, आजीवर गेली. अन् मनात हासली. २२ ले तर ते इथं येणार आहेत. एका दिवशी माणूस दोन ठिकाणी कसा राहीन?

रुपाली म्हणे, खुशी काही बोलत नाही, नुसतं कुल्फीचं विचारते. काय करावं तेच कळत नाही आई. शाळा चांगली आहे, विज्ञानाची मोठी लॅब आहे, पण जबरदस्ती करणार नाही आम्ही. मी म्हणलं, अजिबात करू नोको. लेकराच्या मनाविरुद्ध काही करू नये. लॅबचं काय, वणीतबी असतीलच.

मंग खुशी आली फोनवर. आवाज बारीक. म्हणे, आजी, खरं सांग, कुल्फी खाते का? मी म्हणलं, खाते, झोपते, खेळते. डंपरसंगं? हाव, डंपरसंगंच.

हे आता जरा पुढचं सांगतलं मी. खोटं नाही. उद्या होणार तेच आज सांगतलं. पेरलं की उगवतेच, मंग उगवलं म्हणाले काय हरकत?


९ जून, सोमवार

वर्ग सातवा. डंपर आता खाटेखालून अर्धा बाहेर येते. मागचा अर्धा.

माझी खाट आज सैंपाकघरात नेली. खिडकीजवळची जागा खुशीले. उजेड चांगला आहे, अभ्यासाले बरा. ममतानं टेबल उचलू लागलं. विमलताई दारातून म्हणते, पोरगी येणार हे पक्कं झालं का वं? मी म्हणलं, पक्कं म्हणजे काय, सिमेंट. तिनं हूं केलं. हे हूं मले आवडत नाही.

सैंपाकघरात गरम होते जरा. पण माणसाले घामानंच तब्येत चांगली राहते.


११ जून, बुधवार, पौर्णिमा

झालं! माझं काम झालं!

दुपारी विहारात गेलती. वंदना झाल्यावर बायायनं विचारलं, तुमच्याकडं मांजर आली म्हणते. मंग मी उभी राहूनच सांगतलं. मैत्री कशी करावं लागते, शील कसं समजावून द्यावं लागते, धीर कसा धराव लागते. चांगलं अर्धा तास बोलली. दोन बाया झोपल्या, पण त्या सोयाबीनच्या पेरणीची तयारी करून थकल्या होत्या. मधात कोळशाच्या खाणीतल्या ब्लास्टचा आवाज आला, रोजच्यापेक्षा मोठा, खिडक्या थरारल्या. मी बोलणं थांबवलं नाही.

घरी येऊन पाहतो तर कपाट खाली! कुल्फी गेली, आता खुशीले काय सांगू? दार पाह्यलं, मोरी पाह्यली, माळा पाह्यला. मंग खाटेची आठवण आली. जुनी खाट अजून बाहेरच्या खोलीत, डंपरसाठी ठेवलेली. वाकून पाह्यलं. डंपर पसरलेला अन् त्याच्या पोटाले चिकटून कुल्फी. तिनं आपलं डोकं त्याच्या पायाखाली घातलेलं. तो तिचा कान चाटून राह्यला होता.

मी तिथंच खाली बसली. गुडघे दुखतात तरी बसली. रडाले आलं. साऱ्या प्राण्यायचं भलं हो म्हणलं, अन् विहारातून निघून ते माझ्या आधी घरी पोचलं.

ममता आली सांगाले. म्हणे, आजी, तुम्ही नव्हते तेव्हा लय मोठा ब्लास्ट झाला, तुमची मांजर कपाटावरून गोळी सुटल्यावाणी खाली आली, थरथर कापत होती, अन् डंपर तर त्या आवाजात लहानाचा मोठा झाला, त्यानं मानबी हालवली नाही, मंग ती त्याच्याच जवळ घुसली. मी म्हणलं, असं असं. बिचारीले वाटते ब्लास्टनं झालं. ब्लास्ट तर रोजच होते.


१२ जून, गुरुवार

एका ताटात जेवले! धक्का नाही, हात नाही, काही नाही. डंपरनं आधी तिले खाऊ देल्लं.

ममतानं फोटो काढला. या फोटोत माझा हात नाही. रुपालीचा लगेच फोन. म्हणे, आई, मानलं तुम्हाला. हे शब्द मी जसेच्या तसे लिहून राह्यली. सून मानलं म्हणाली.


१४ जून, शनिवार

विमलताईचा आरडाओरडा. सुक्या मासोळ्यायचा डबा गेला. म्हणते, मी डोळ्यानं पाह्यलं, तुमची मांजर फळीवर चढली, डबा पायानं ढकलला, अन् तुमचा कुत्रा खाली तोंड उघडून उभा. टोळी पाळून राह्यल्या का तुम्ही?

मी म्हणलं, दोन प्राण्यायनं मिळून एक काम केलं, याले सहकार म्हणतात. तुमच्या घरात तर सासू-सुना मिळून पापड लाटू शकत नाहीत.

हे बोलाले नव्हतं पाह्यजे. ममता बाजूलेच होती.

दुसरं शील उद्यापासून पुन्हा घ्याव लागीन.


१५ जून, रविवार

वर्गाले दोघंबी हजर नाहीत. छतावर आहेत. हाक मारली, डंपरनं शेपूट हालवली, आला नाही.

पहिले मी जेवाले बसली की माझ्या पायावर डोकं ठेवून बसे. आठ वर्षं. आता नाही बसत. बरंच आहे, पायाले मुंग्या येत होत्या.


१७ जून, मंगळवार

विमलताईकडं मासोळ्या भरून देल्ल्या. वणीच्या बाजारातून आणल्या, काळीपिवळी जीपमधी सगळे नाक दाबून बसले होते. ती डबा घेऊन म्हणते, तुमची खुशी आली की तिले घेऊन या जेवाले. बाई वाईट नाही. तोंड तेवढं वाईट आहे.

संध्याकाळी खुशीचा फोन. आज मोठं बोलणं झालं, सारं लिहून ठेवतो.

म्हणे, आजी, कुल्फी अजून दाराकडं पाहत बसते का? माझी वाट पाहते का? मले माहीत होतं, पोट्टीच्या जिवाले लागून राह्यलं होतं. तिले धीर द्याव म्हणून म्हणलं, अगं नाही बाप्पा! आठवणसुद्धा काढत नाही तुझी. डंपर असला की तिले दुसरं काहीच लागत नाही. असं वाटते इथंच जन्मली.

खुशी म्हणे, खरंच? मी म्हणलं, खरंच. म्हणे, तुझी शपथ? मी म्हणलं, माझी शपथ. अन् हे खरं होतं, शंभर टक्के. एवढं खरं मी महिनाभरात बोलली नव्हती.

मंग म्हणे, आजी, मंग बरं. आता मले काही टेन्शन नाही.

मीच काढलं तिचं टेन्शन. फोन ठेवल्यावर घरात तीन चकरा मारल्या.


१८ जून, बुधवार

वणीच्या शाळेत जाऊन आली. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, मुलगी कुठं आहे? मी म्हणलं, येऊन राह्यली. म्हणे, मग तिच्या आई-वडिलांना पाठवा, टीसी लागते. मी म्हणलं, लागू द्या, तेबी येऊन राह्यलं. भला माणूस, पाणी देल्लं.

टेबलावर फुलाफुलाचा कपडा टाकला. ममतानं आपल्या हातानं खुशीचं नाव एका कागदावर रंगीत लिहून भिंतीले लावलं.


२० जून, शुक्रवार

रवीचा फोन. म्हणे, माय, रविवारी येतो, लवकर येतो, जेवण लवकर करजो. मी म्हणलं, घाई कायची, रात्री थांबा. म्हणे, नाही माय, जाव लागते. त्यायले परत ड्युट्या असतात. दोघंच जातील, तर काय फरक पडते.

मले विचारलं नाही, मी सांगतलंबी नाही. पक्क्या गोष्टीवर काय बोलाव?


२१ जून, शनिवार

उद्याचा बेत: वांग्याची भाजी, तेलाचा हात सैल सोडून. ज्वारीच्या भाकरी. वरण. भात. खुशीसाठी गुळाचा सांजा. अंडे रवीसाठी.

डंपरले आंघोळ घातली. कुल्फी बाजूले बसून पाहत होती अन् झाल्यावर तिनं त्याले चाटून कोरडं केलं. तालीम कराव म्हणलं, उद्या पाहुण्यायसमोर नीट बसले पाह्यजे. कराव लागली नाही. दोघं आपोआप उंबरठ्यावर एकावर एक डोकं टाकून झोपले. चित्र काढाव असे.

सारं तयार आहे. काहीच राह्यलं नाही.


२२ जून, रविवार. दुपार

ते आले अन् गेले. साडेदहाले आले, दोनले गेले.

क्रमानं लिहितो. आज आधी खुशीच उतरली, विमलताईच्याबी आधी. धावत आली अन् उंबरठ्यापाशी थबकली. दोघं तिथंच झोपलेले. खुशी हळूच म्हणाली, कुल्फी. कुल्फीनं एक डोळा उघडला, पाह्यलं, अन् डंपरच्या पोटात परत तोंड खुपसलं. खुशीच्या डोळ्यात पाणी आलं, पण हासली. म्हणे, आजी, तू खरंच सांगत होती.

जेवणं झाले. वांग्याची भाजी चांगली झाली होती, रवीनं तीनदा घेतली. रुपालीनं ताट उचलता उचलता माझे दोन्ही हात धरले. म्हणे, आई, तुमचे उपकार कसे फेडू? खुशी तयारच होत नव्हती हो. रोज एकच, कुल्फीचं काय, कुल्फीचं काय. मंगळवारी तुमच्याशी बोलली अन् रात्री स्वतःहून आली माझ्याकडे. म्हणाली, मम्मी, कुल्फी आजीकडे खूश आहे, मी जाते हॉस्टेलला.

मी म्हणलं, अच्छा.

नळ सुरू राह्यला होता, तो बंद केला.

मंग बाहेर जाऊन पाह्यलं, गाडीच्या मागच्या सीटवर नवी ट्रंक. निळी. वर पांढऱ्या रंगानं खुशीचं नाव अन् नंबर. मी आल्या आल्या पाह्यली होती, मले वाटलं इथं उतरवाची आहे. रवीले म्हणणारबी होती, काहून उन्हात ठेवली, आत आण. बरं झालं नाही म्हणली.

रुपालीनं ते टेबल पाह्यलं. भिंतीवरचा कागद पाह्यला. तिचा चेहरा पडला. म्हणे, आई, तुम्ही हे... मी म्हणलं, अगं ते सुट्टीत येईन तेव्हासाठी. पोट्टी सुट्टीत येणार तर तिले जागा नोको का? ती माझ्याकडं पाहतच राह्यली. नर्स आहे ना, तिले नाडी न धरताच समजते. मी वांगे कुठून आणले ते सांगत सुटली.

विमलताई बी आली होती, मासोळ्या घेऊन. तिनं ट्रंक पाह्यली, मले पाह्यलं. हूंसुद्धा नाही केलं. ते हूं बरं होतं.

जाताना खुशी गळ्यात पडली. मोठी झाली, माझ्या कानापर्यंत आली. कानात म्हणाली, आजी, तू नसती ना, तर मी गेलीच नसती.

मी म्हणलं, जा माय, लय शीक. लॅब चांगली आहे म्हणते.

अन् हे मी मनापासून म्हणलं. कोणी विचारलं तर शपथ घेऊन सांगीन.


त्याच दिवशी, संध्याकाळी

पाच वाजून गेले. पोचले असतील. हॉस्टेलात फोन रविवारीच देतात म्हणे, दहा मिनिटं.

डंपरले हाक मारली. कुल्फीले हाक मारली. छतावर आहेत दोघं, आवाज येऊन राह्यला. सांजा उरला तो वर नेऊन ठेवला. खाऊन परत तोंड फिरवून बसले.

दोस्ती पक्की झाली, याच्यात शंका नाही. चार आठवडे म्हणले होते, अडीच आठवड्यात झाली.

माझी खाट आणाव का सैंपाकघरातून? ममता म्हणते आणू लागतो. नोको म्हणलं. उद्या पाहू.

येणार म्हणले आहेत. दसऱ्याले दीक्षाभूमीवर जातील, हॉस्टेलची सुट्टी लागून असते, तिथून दुसऱ्या दिवशी सगळे इकडं. म्हणजे ३ ऑक्टोबर, शुक्रवार.